महिकन्नितक : दोन्ही दिशांनी वाहणारी नदी आणि तिची माणसे

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ही गोष्ट आमच्या प्रत्येक वाचकास मुखोद्गत आहे. तेथील ग्रंथालय, प्राध्यापक सेलिग्मन व ड्यूई, १९१५ ची एम. ए. ची पदवी, ९ मे १९१६ रोजी वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध, यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या भूमीवर ते विद्यापीठ उभे आहे ती भूमी मुळात कोणाची, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला आहे. विद्यापीठाच्या टेकडीवरून पश्चिमेस थोडे खाली उतरले की हडसन नदी लागते. या नदीचा व तिच्या मूळ माणसांचा वृत्तान्त प्रस्तुत लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आपल्या परंपरेस अगदीच परका आहे असे कोणी समजू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेत, युरोपियन वसाहतवाल्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याची तुलना त्यांनी या देशातील मूळ लोकांवर झालेल्या अत्याचारांशी केली आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. पुढे बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात आर्य आक्रमणाच्या सिद्धान्ताची कठोर चिकित्सा करून तो नाकारला. त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी उचलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तरीसुद्धा ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला त्यांच्याविषयी फुल्यांना वाटलेले औत्सुक्य आजही मोलाचे आहे.

प्रथम नावांविषयी. मराठीत या लोकांना अजूनही ‘रेड इंडियन’ म्हटले जाते. कोलंबस आपल्या देशाच्या शोधात निघाला, भलत्याच किनाऱ्यास लागला आणि त्या चुकीचे नाव एका संपूर्ण खंडातील शेकडो राष्ट्रांना चिकटले. दुसऱ्याने दिलेले नाव वागविण्यातील दुःख आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. म्हणून येथे आम्ही त्यांची स्वतःची नावे वापरीत आहोत. नदीच्या मुखाकडील व खालच्या खोऱ्यातील लोक ते लेनापे. त्यांपैकी या नदीकाठचे लोक मन्सी बोली बोलत. वरच्या खोऱ्यातील लोक ते मोहिकन. ‘लेनापे’ या शब्दाचा अर्थ माणूस, खरी माणसे. मोहिकन हे नाव नदीवरूनच आले आहे. ज्यांचे पाणी कधी स्थिर नसते त्या पाण्याचे लोक, असा त्यांच्या नावाचा अर्थ ते स्वतः सांगतात. नदीचे नाव महिकन्नितक. दोन्ही दिशांनी वाहणारी नदी असाही त्याचा अर्थ केला जातो.

हे नाव काव्यमय वाटले तरी ते भूगोलाचे अचूक वर्णन होय. ॲडिरॉन्डॅक पर्वतात उगम पावून ही नदी सुमारे ५०७ किलोमीटर दक्षिणेस वाहते आणि मॅनहॅटन बेटाच्या टोकाशी समुद्रास मिळते. यांपैकी ट्रॉय येथील धरणापासून खालचा सुमारे २४६ किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्धा प्रवाह, भरती-ओहोटीच्या अधीन आहे. समुद्रापासून इतक्या दूरही पाणी दिवसातून दोनदा चार फुटांच्या आसपास चढते व उतरते. कोकणातील वाचकांस ही गोष्ट चटकन उमजेल. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर सावित्री नदीत वर चढणारी गलबते त्यांच्या वाडवडिलांनी पाहिलेली आहेत. महिकन्नितकेचा विस्तार मात्र कितीतरी मोठा. वसंतात पर्वतावरील बर्फ वितळले की गोड्या पाण्याचा लोंढा खाऱ्या पाण्यास समुद्राकडे रेटतो. अवर्षणाच्या उन्हाळ्यात तेच खारे पाणी न्यूबर्ग गावापर्यंत, कधी त्याच्याही वर चढते. गोडे आणि खारे यांच्या या सततच्या ओढाताणीमुळे मासे, शिंपले व पाणपक्षी यांची समृद्धी येथे अपार होती.

या समृद्धीवर माणूस किती प्राचीन काळापासून जगत आला, याचा पुरावा नदीकाठीच पडून आहे. क्रोटन पॉइंट या भूशिरावर कालवांच्या शिंपांचे प्रचंड ढीग सापडले असून त्यांतील सर्वांत जुने थर सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे आहेत. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील अशा सर्वांत जुन्या ढिगांत त्यांची गणना होते. राजवाडे व मंदिरे यांनाच वारसा म्हणण्याची ज्यांना सवय झाली आहे त्यांना हे ढीग उकिरडे वाटतील. आमच्या मते शेकडो पिढ्यांनी जेवून टाकलेल्या शिंपांचा हा ढीग कोणत्याही प्रशस्तीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. त्यात कोणा राजाची स्तुती नाही.

वसंतात शॅड नावाचा मासा समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत चढे. त्या वेळी कुटुंबे काठावर येऊन जाळी लावीत. अजस्र स्टर्जन मासेही तेव्हाच येत. मका, घेवडा व भोपळा ही तिन्ही पिके एकाच वाफ्यात घेतली जात : मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे आणि भोपळ्याची पाने जमिनीतील ओल राखीत. शेती स्त्रियांच्या हाती होती. कुळाची ओळख आईकडून येई. लेनाप्यांत कासव, लांडगा व टर्की अशी तीन कुळे होती, तर मोहिकनांत अस्वल, लांडगा व कासव. विवाह आपल्या कुळाबाहेर करावयाचा, असा दंडक होता. मुखियास साकेम म्हणत. परंतु त्यास हुकूम सोडण्याचा अधिकार नसे, सभेत बोलून लोकांचे मन वळवावे लागे. हे वाचताना शाक्य-कोलियांच्या गणसंघाची आठवण होणे स्वाभाविक आहे. हे साम्य फार ताणू नये. तथापि राजा नसलेला समाज म्हणजे अराजक, ही समजूत किती पोकळ आहे ते येथेही दिसते.

शिंपल्यांपासून पांढरे व जांभळे मणी घासून तयार करीत. त्यांना वाम्पम म्हणत. या मण्यांचे पट्टे विणून त्यांवर करार, तह व शोकसंदेश नोंदविले जात. सभेत पट्टा हाती घेऊन बोललेला शब्द बंधनकारक असे. डच व्यापाऱ्यांनी मात्र या मण्यांचे आपल्याकडील कवडीसारखे चलन बनविले आणि त्यांच्या मोबदल्यात कातडी विकत घेऊ लागले. ज्या वस्तूत लोकांची स्मृती साठविली होती ती वस्तू सुटे पैसे होऊन बसली. या एका फेरबदलात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे, असे आम्हांस वाटते.

१५२४ साली व्हेराझानो हा दर्यावर्दी नदीच्या मुखापर्यंत येऊन परत गेला. सप्टेंबर १६०९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला इंग्रज नाविक हेन्री हडसन ‘हाफ मून’ हे जहाज घेऊन आजच्या ऑल्बनीच्या परिसरापर्यंत वर चढला. तो आशिया खंडाकडे जाणारा जलमार्ग शोधीत होता. म्हणजे याही वेळी डोळ्यांसमोर पूर्वेकडील बाजारपेठच होती! त्याचा सहकारी रॉबर्ट ज्युएट याच्या रोजनिशीत मका, तंबाखू, कातडी यांची देवघेव, लोकांचे अगत्य आणि त्याच प्रवासात बंदुकीने टिपलेली माणसे, सर्व एकामागून एक नोंदलेले आहे. नदीस पुढे त्या नाविकाचेच नाव मिळाले.

मग आला बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार. युरोपात या प्राण्याच्या लोकरीपासून टोप्या बनत. १६२४ मध्ये मोहिकनांच्या प्रदेशात फोर्ट ऑरेंज हे ठाणे उभे राहिले आणि त्यावरील ताब्यासाठी मोहिकन व त्यांचे पश्चिमेकडील शेजारी मोहॉक यांच्यात युद्ध पेटले. ते १६२८ पर्यंत चालले व मोहिकनांना नदीचा पश्चिम काठ मोठ्या प्रमाणावर सोडावा लागला. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात निर्माण झालेला तंटा आपणास ठाऊक आहे. तेथे दोन शेजारी स्वतःच्या शेतीसाठी भांडत होते. येथे तिसऱ्याच्या गोदामासाठी दोन शेजारी लढले. हा भेद महत्त्वाचा आहे.

मॅनहॅटनच्या ‘खरेदी’विषयी एक दंतकथा जगभर सांगितली जाते. भोळ्या लोकांनी चोवीस डॉलरच्या मण्यांसाठी बेट विकले, अशी ती कथा. प्रत्यक्षात विक्रीचे कोणतेही खत उपलब्ध नाही. आहे ते ५ नोव्हेंबर १६२६ रोजी पीटर स्खागेन या डच अधिकाऱ्याने लिहिलेले एक पत्र. त्यात साठ गिल्डर किमतीस बेट विकत घेतल्याचे म्हटले आहे. त्याच पत्रात जहाजातून आलेल्या मालाची यादीही आहे व तिच्यात ७२४६ बीव्हर कातडी मोजलेली आहेत. मण्यांचा उल्लेख त्यात कोठेही नाही. चोवीस डॉलरचा हिशेब एकोणिसाव्या शतकातील इतिहासलेखकांचा. लेनाप्यांच्या दृष्टीने जमीन ही कायमची देऊन टाकण्याची वस्तूच नव्हती. भेट स्वीकारून पाहुण्यास सोबत राहू देणे, एवढाच त्यांनी या व्यवहाराचा अर्थ घेतला असावा. पुढील काळातील काही खतांत शिकारीचा व मासेमारीचा हक्क मूळ लोकांकडे राखून ठेवलेला आढळतो, त्यावरूनही हेच सूचित होते. तरीही भोळेपणाची कथा टिकली, कारण ती जेत्याच्या सोयीची आहे. लुबाडलेल्यास मूर्ख ठरविले की लुबाडणारा आपोआप निर्दोष ठरतो.

१६३९ साली गव्हर्नर विलेम कीफ्ट याने मूळ लोकांवर कर बसविला. आमच्याच भूमीत येऊन आमच्याकडूनच कर का मागता, असा रोकडा सवाल त्यांनी केला. तंटा वाढत गेला. १६४३ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील सशस्त्र टोळ्यांच्या भयाने पळालेली लेनापे कुटुंबे डचांच्या आश्रयास येऊन पाव्होनिया, म्हणजे आजचे जर्सी सिटी, व मॅनहॅटनवरील कॉर्लेअर्स हुक येथे उतरली होती. २५ फेब्रुवारीच्या रात्री कीफ्टच्या सैनिकांनी या झोपलेल्या निर्वासितांवर हल्ला केला. डेव्हिड दे फ्रीस या डच गृहस्थाने कीफ्टला आधीच विरोध केला होता. त्याने पाव्होनियात ऐंशी व दुसऱ्या ठिकाणी चाळीस माणसे मारली गेल्याचे लिहून ठेवले असून तान्ह्या मुलांच्या हत्येचे जे वर्णन केले आहे ते येथे उद्धृत करण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. १६४५ च्या तहापर्यंत या युद्धात हजाराहून अधिक मूळ लोक प्राणास मुकले. त्यानंतर मधल्या खोऱ्यातील एसोपस लोकांशी दोन युद्धे झाली. त्यांतील कैद्यांना १६६० मध्ये गव्हर्नर स्टायव्हेसंटने कुरासाओ बेटावर गुलाम म्हणून धाडले. १६६४ मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली. धनी बदलला, एवढेच.

शस्त्रापेक्षा अधिक माणसे देवीच्या रोगाने नेली. आड्रियान फान डर डोंक याने १६५५ च्या आपल्या ग्रंथात मूळ लोकांचेच म्हणणे नोंदविले आहे की, ख्रिस्ती लोक येण्यापूर्वी व देवी येण्यापूर्वी त्यांची संख्या दहापट होती.

लंडनपर्यंत गेलेला अर्जदार

या दीर्घ कहाणीत एका पुरुषाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. डॅनियल निमहॅम हे नदीच्या पूर्व काठावरील वॉपिंजर लोकांचे साकेम. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात त्यांचे पुरुष इंग्रजांच्या बाजूने लढावयास गेले व कुटुंबे मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज येथे राहिली. परत येऊन पाहतात तो फिलिप्स या बड्या जमीनदार घराण्याने १६९७ च्या सनदेच्या आधारे त्यांच्या सर्व जमिनीवर कुळे बसविलेली. निमहॅम यांनी १७६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कौन्सिलपुढे दाद मागितली. ती फेटाळली गेली; निवाडा देणाऱ्यांत मोठमोठ्या सनदांचे धनी होते, हे सांगावयास नको. १७६६ मध्ये ते समुद्र ओलांडून थेट लंडनला गेले. तेथील व्यापार व वसाहत मंडळास त्यांच्या म्हणण्यात तथ्य आढळले आणि फेरचौकशीचे आदेश निघाले. १७६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फेरचौकशी झाली. पुन्हा तेच कौन्सिल, पुन्हा तोच निकाल.

या प्रकरणातील एक धागा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. फिलिप्सांच्या जमिनीवरील गरीब गोरी कुळे खंडाच्या जाचाने गांजलेली होती आणि त्यांच्यातील अनेकांनी निमहॅम यांचा हक्क मान्य करून त्यांच्याकडूनच पट्टे करून घेतले. १७६६ च्या कुळांच्या उठावास याची जोड होती. रंगभेद ओलांडून उभी राहिलेली ही सोबत अल्पजीवी ठरली. पण ती घडली होती.

पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात निमहॅम व स्टॉकब्रिजचे मोहिकन वॉशिंग्टनच्या पक्षाकडून लढले. ३१ ऑगस्ट १७७८ रोजी, आज ब्रॉन्क्समधील व्हॅन कोर्टलँड पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर, ब्रिटिश दलाने त्यांना घेरले आणि डॅनियल निमहॅम, त्यांचे पुत्र अब्राहम व अनेक सहकारी धारातीर्थी पडले. उरलेले स्टॉकब्रिजला परतले तेव्हा तेथील जमीनही हातची निसटत चालली होती.

स्टॉकब्रिजची कथा धर्मांतराच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहावी अशी आहे. १७३० च्या दशकात जॉन सार्जंट या मिशनऱ्याने मोहिकनांसाठी हे गाव वसविले. मोहिकन ख्रिस्ती झाले, शाळेत गेले, ग्रामसभेत बसले. १७४५ मध्ये लंडनहून त्यांना दोन खंडांचे बायबल भेट आले. परंतु आदर्श म्हणून गावात वसविलेल्या चार इंग्रज कुटुंबांमागून इतर आले, दुकानदारांकडे मोहिकनांची कर्जे साचली आणि १७६५ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने कर्जफेडीसाठी त्यांच्या जमिनी विकण्यास परवानगी दिली. सावकार, गहाणखत व लिलाव ही त्रयी आपल्या खेड्यांतून कोणी पाहिली नाही? याहून भीषण प्रसंग लेनाप्यांच्या वाट्यास आला. ओहायोतील ग्नाडेनहुटन येथे मोरेव्हियन पंथ स्वीकारलेल्या, शस्त्र न धरणाऱ्या ९६ स्त्रीपुरुष व बालकांना ८ मार्च १७८२ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या पलटणीने ठार केले. मारणारे व मरणारे एकाच ग्रंथास वंदन करीत होते. धर्म स्वीकारला तरी जेत्याने त्यांना समतेने वागविले नाही, हे यातून उघड होते. १९५६ च्या धम्मदीक्षेशी याची तुलना होऊ शकत नाही, कारण येथे धर्म देणारा आणि जमीन घेणारा एकाच समाजाचे होते.

‘अखेरचे’ कोण?

१७८० च्या दशकात मोहिकन पश्चिमेस वनायडा लोकांच्या आश्रयास गेले. १८१८ मध्ये एक तुकडी इंडियानास निघाली, पण ती पोहोचेपर्यंत तेथील जमीनही तहाने गेली होती. १८२० च्या दशकात विस्कॉन्सिन. तेथेही पुन्हा स्थलांतर. शेवटी १८५६ च्या तहाने शॉनो परगण्यातील जागा. मन्सी बांधव त्यांना येऊन मिळाले व ‘स्टॉकब्रिज-मन्सी समाज’ हे नाव रूढ झाले. इतर लेनापे आज ओक्लाहोमात व कॅनडातील ऑन्टॅरियोत आहेत; न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या डोंगरांत रामापो लेनापे आहेत.

असे असता, १८२६ साली जेम्स फेनिमोर कूपरची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी निघाली आणि ते सर्व मरून गेले, अशी जगाची खात्री झाली. त्याच दशकात विस्कॉन्सिनमध्ये इलेक्टा क्विनी ही स्टॉकब्रिज समाजातील तरुणी शाळेत मुले शिकवीत होती! त्या राज्यातील पहिली सार्वजनिक शाळेची शिक्षिका म्हणून तिचे नाव घेतले जाते. भारतातून बौद्ध नामशेष झाले, हे वाक्यही असेच शाळेच्या पुस्तकांतून पाठ केले गेले.

येथे पुन्हा कोलंबियाकडे वळावे लागते. बाबासाहेबांनी ज्यांच्या चर्चासत्रात १९१६ चा निबंध वाचला ते डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. त्यांनी स्वतः इरोक्वॉय राष्ट्रांमध्ये, म्हणजे मोहॉक ज्यांत येतात त्या संघामध्ये, राहून तेथील कुळव्यवस्थेचा अभ्यास केला होता. बहिर्विवाह हा आदिम समाजांचा व्यापक नियम असून त्यावर अंतर्विवाह लादला गेला म्हणजे जात जन्मते, हे त्या निबंधातील सूत्र. कासव, लांडगा, टर्की या कुळांत बहिर्विवाह होता आणि उच्चनीचतेची उतरंड नव्हती, ही वस्तुस्थिती त्या सूत्राच्या संदर्भात ठेवून पाहण्यासारखी आहे. मात्र त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ या लोकांची मोजणी ‘लोप पावणारे’ म्हणूनच करीत आणि त्यांच्या वस्तू संग्रहालयांत नेऊन ठेवीत, हेही विसरता कामा नये.

नदीचेही असेच झाले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी हे विषारी रसायन नदीत सोडले गेले. गाळ उपसण्याचे काम २००९ ते २०१५ पर्यंत चालले. शॅडची मासेमारी २०१० मध्ये बंद करावी लागली. ज्या माशाच्या आगमनाने वर्षाचा आरंभ होई तो मासा पकडण्यास मनाई झाली.

आपला इतिहास परत मिळविण्याचे काम स्टॉकब्रिज-मन्सी समाजाने स्वतःच्या हाती घेतले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातील स्त्रियांनी पुढाकार घेऊन पूर्वेकडील गावांच्या दप्तरखान्यांतून कागद शोधले, नकला आणल्या. विस्कॉन्सिनमधील त्यांच्या आर्विड मिलर ग्रंथालय-संग्रहालयात ती साधने आहेत. स्टॉकब्रिजच्या संग्रहालयात राहिलेले १७४५ चे बायबल दीर्घ प्रयत्नांनंतर १९९१ मध्ये त्यांना परत मिळाले. कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात मूळ विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर २०१६ मध्ये लेनापे लोकांच्या स्मरणार्थ एक फलक बसला. तेथे जाणाऱ्या आपल्या बांधवांनी बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यास वंदन केल्यावर तो फलकही वाचावा, अशी आमची विनंती आहे.

ऑल्बनीच्या दक्षिणेस नदीकाठी पापस्कनी नावाचे बेट आहे. १६३७ मध्ये ते किलियान फान रेन्सेलर या ॲमस्टरडॅमच्या जवाहिऱ्याने मोहिकनांकडून घेतले. या गृहस्थाने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नाही. २०२१ मध्ये तेथील १५६ एकर जमीन एका भूसंरक्षण संस्थेने स्टॉकब्रिज-मन्सी समाजास परत दिली. तेथून भरतीचे पाणी आजही दिवसातून दोनदा उत्तरेकडे चढते.